विस्तव कुठे पेटणार, ते आधी ठरवा

थंडी पडू लागली की ओळखीपाळखीतून एक फोन हमखास येतो. "बार्बेक्यू घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी उलट विचारते, "पेटवणार कुठे?" पलीकडे क्षणभर शांतता पसरते, कारण तोवर रंग, आकार, सवलत सगळं बघून झालेलं असतं, फक्त जागा बघायची राहिलेली असते. घरोघरी माळ्यावर गंजत पडलेल्या बार्बेक्यूंपैकी निम्मे तरी याच एका चुकीने तिथे पोचलेले मी पाहिले आहेत.

आमचा पहिला बार्बेक्यूही तसाच गेला. दुकानात मांडलेला, घडीचा, सुटसुटीत. सोबत सळ्या, ब्रश, चिमटा असं सगळं एका पेटीत. दुसऱ्याच वेळी कोळशाच्या आचेने तळाचा पत्रा खाली वाकला आणि जाळी एका बाजूला कलली. पावसाळ्यानंतर काढला तर जाळीवरचा चकचकीत मुलामा पापुद्र्यासारखा सुटत होता. तो पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नव्हता. विस्तवाजवळ राहणाऱ्या वस्तूत सगळ्यात आधी धातूची जाडी बघायची, हे मला तेव्हा कळलं. रंगाच्या आणि चाकांच्या आत लपलेला पत्रा अंगठ्याने दाबून बघा. दबला, डबडब वाजला, तर ती वस्तू दोन हिवाळे काढणार नाही.

तर आधी जागा. फ्लॅटच्या बाल्कनीत कोळसा पेटवू नका. ठिणग्या आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा विचार आहेच, पण त्याहून मोठं कारण कार्बन मोनॉक्साइड. जळत्या कोळशातून हा वायू सतत निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि बंदिस्त जागेत तो माणसाला बेशुद्ध करतो, जीवही घेतो. काचेची तावदानं लावून घेतलेली बाल्कनी ही बंदिस्त जागाच. पावसात गटारी साजरी करताना गच्चीवरच्या शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधतात, तीही बंदिस्त जागाच. धूर दिसत नाही म्हणून हवा चांगली आहे असं समजू नका; धूर संपून निखारे लाल झाले तरी हा वायू येतच असतो. गारठ्यात उरलेले निखारे ऊब म्हणून खोलीत किंवा तंबूत आणून ठेवण्याची सवय तर ताबडतोब मोडा.

गच्ची असेल तर सोसायटीची परवानगी घ्या आणि मग खाली बघा. गच्चीवर डांबराचे वॉटरप्रूफिंगचे पट्टे असतील तर ते आचेने वितळतात, चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी तडकते. शेगडीखाली विटांचा एक थर मांडला की दोन्ही वाचतं. अंगण किंवा बंगल्याची बाग असेल तर तुम्ही नशीबवान. झाडाच्या फांद्या आणि वाळका पाचोळा तेवढा लांब ठेवा. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी आधी भाडेकरार आणि गावचे आगीचे नियम वाचावेत. अमेरिकेत अनेक ठिकाणी अपार्टमेंटच्या बाल्कनीत किंवा जळाऊ बांधकामापासून दहा फुटांच्या आत कोळशाची ग्रिल पेटवायला बंदी असते. दुकानदार हे सांगत बसत नाही.

आणि शेतावर जाणार असाल तर काहीच विकत घेऊ नका. माझं माहेर अलिबागकडचं. वालाच्या शेंगा धरल्या की आमच्याकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा. तोंड पाल्याने बंद करून मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. थेंबभर पाणी लागत नाही. बंद भांड्यात सगळीकडून सारखी आच हवी, एवढ्यासाठी लोक साठ-सत्तर किलोचे चिनीमातीचे अंड्याच्या आकाराचे कामाडो मागवतात. ते उत्तम चालतात, यात शंका नाही. पण ते तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चढवणार कोण, आणि वर्षातून पाच वेळांसाठी? देशावर हुरड्याची आगटी असते, जमिनीतला एक खड्डा आणि गोवऱ्या, बस्स. जिथे माती आहे तिथे माती वापरा.

आता शहरातल्या गच्चीकडे येऊ. जागा ठरली की दुसरा प्रश्न, तुम्ही नेमकं काय भाजणार? आपल्याकडे दहापैकी आठ घरांत उत्तर एकच असतं: पनीर, ढोबळी मिरची, कोंबडीचे तुकडे, खिम्याचे कबाब, कणसं, कधी कोलंबी. म्हणजे बहुतेक सगळं सळीवरचं. मग मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानात कबाब भाजणाऱ्याची शेगडी नीट निरखून बघा. लांबट, अरुंद, पन्हाळीसारखी, आणि तिच्यावर जाळी नाही. सळ्या दोन्ही काठांवर टेकतात आणि मांस हवेत अधांतरी भाजतं. जाळीच नाही म्हणून काही चिकटत नाही, फाटत नाही, घासायलाही काही उरत नाही. रोज शेकडो सळ्या भाजणाऱ्या माणसांनी वापरून वापरून पक्का केलेला हा आकार आहे. आपण मात्र दुकानातून रुंद जाळीवाला डबा आणतो आणि त्यावर सळ्या आडव्या टाकून पनीर चिकटलं म्हणून हळहळतो.

अशी शेगडी मी फॅब्रिकेटरकडून करून घेतली, आणि आजवरच्या खरेदीत तीच सर्वांत सार्थकी लागली. खिडक्यांचे ग्रिल करणारा कुठलाही कारागीर ती अर्ध्या दिवसात जोडून देतो. त्याला मापं अशी सांगा: लांबी दोन फूट, आतली रुंदी २० सेंटिमीटर, खोली १५ सेंटिमीटर. तळाशी पाच सेंटिमीटर निखाऱ्यांचा थर धरला तर सळी आणि निखारे यांत दहा सेंटिमीटर अंतर उरतं. याहून जवळ आलं तर कोंबडी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. फार लांब गेलं तर वाळते. दोन्ही लांब बाजूंना तळाच्या जरा वर बोटभर रुंद भोकं, साधारण आठ-दहा सेंटिमीटरवर एक. काठाला सळ्यांसाठी उथळ खाचा पाडून घ्या, म्हणजे सळी घरंगळत नाही. पाय एवढे की काठ तुमच्या कमरेला यावा. वाकून तासभर भाजणं पाठीला सोसत नाही.

पत्रा काळा सांगा, दहा गेजचा, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थोडा वर. पायांसकट ही शेगडी बारा-तेरा किलोंची होते, दोघं जण सहज उचलतात. जस्ताच्या मुलाम्याचा, ज्याला कारागीर जीआय म्हणतात तो पत्रा किंवा जाळी चुकूनही चालवून घेऊ नका. जस्त कडक तापलं की त्याचा धूर घातक असतो. जुना तेलाचा ड्रम कापून शेगडी करायचा मोह अनेकांना होतो. ड्रममध्ये आधी काय होतं हे खात्रीने माहीत नसेल तर तो मोह सोडा. ज्वालाग्राही द्रवाची वाफ उरलेल्या बंद ड्रमवर कटर चालवला की स्फोट होतो, आणि आत रसायन असेल तर ते अन्नाला लागतं. नवी शेगडी आली की तासभर रिकामीच कोळशाने तापवा, गार झाल्यावर तेलाचा बोळा फिरवा. दर वेळी वापरून झाल्यावर असा बोळा फिरवला की किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेतही गंज कमी धरतो.

मग झाकणाची गोल शेगडी कशाला, असं तुम्ही विचाराल. तिचं काम निराळं आहे. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारा जॉर्ज स्टीफन उघड्या शेगडीवरच्या वाऱ्याला आणि राखेला कंटाळला होता. त्याच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे मोठे गोल बोये तयार होत. त्याने त्यातला एक मधोमध कापला. खालच्या अर्ध्याची झाली शेगडी, वरच्या अर्ध्याचं झालं झाकण. झाकणामुळे उष्णता वरून परतते आणि शेगडीची भट्टी होते. निखारे एका बाजूला सारायचे, अख्खी कोंबडी दुसऱ्या बाजूला ठेवायची, झाकण लावायचं, आणि तासा-सव्वातासात ती आतपर्यंत शिजते. खालच्या झडपेतून हवा आत येते, वरच्या झडपेतून बाहेर जाते. झडप उघडली की आच वाढते, मिटली की मंदावते. पूर्ण बंद केली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. उघड्या शेगडीवर हा ताबा मिळत नाही.

म्हणून माझं मत असं: अख्खी कोंबडी, मटणाची तंगडी, मोठी सुरमई किंवा ब्रेड-पिझ्झा भाजायची खरोखर हौस असेल, आणि वर्षात दहा-बारा वेळा तरी पेटवणार असाल, तर झाकणाची घ्या. सहा-आठ माणसांना ५७ सेंटिमीटर व्यासाची पुरते. ४७ सेंटिमीटरची चौघांना ठीक, पण तिच्यात निखारे एका बाजूला सारल्यावर अन्नाला जागा थोडी उरते. केवळ कबाब आणि पनीर करणार असाल तर झाकणाचे पैसे वाचवा.

दुकानात घेताना दोन गोष्टी तपासा. मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा आणि झाकण लावा. कडेने सगळीकडून उजेड फाकत असेल तर हवाही तिथूनच शिरणार, मग झडपा फिरवून काही उपयोग नाही. दुसरं, जाळी, झडप आणि पाय यांचे सुटे भाग मिळतात का, हे विचारा. जाळी सगळ्यात आधी जाते. ती नवी मिळणार नसेल तर चांगला डबाही भंगारात जातो. झाकणावरच्या तापमानाच्या काट्याला भुलू नका. तो झाकणाखालच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीवर किती आच आहे ते नाही. त्यापेक्षा तळहात जाळीच्या वर चार बोटं धरून बघा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम.

गॅसची ग्रिल रोजच्या वापराला सोयीची असते, पण आपल्याकडे मी ती फार थोड्यांना सुचवते. बाहेरून आणलेल्या ग्रिलचा रेग्युलेटर आपल्या घरगुती सिलिंडरला बसत नाही आणि जोडाजोड करून बसवणं धोक्याचं आहे. ज्याची सेवा तुमच्या शहरात मिळते, जी भारतातल्या एलपीजीसाठीच बनवली आहे, तीच घ्यावी. विजेची ग्रिल म्हणजे बाल्कनीवाल्यांचा प्रामाणिक पर्याय. चव कोळशाची येत नाही, पण भाजणं नीट होतं. ती बहुधा २००० वॅटच्या आसपास असते, तेव्हा जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग बाल्कनीपर्यंत आहे का, ते आधी बघा. साध्या प्लगवर एक्स्टेन्शन लावून ती चालवली तर वायर तापते. कोळशाच्या वासासाठी आपल्याकडे धुंगार आहेच: भाजलेल्या पनीरच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात एक लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि पाच मिनिटं झाकण. निखारा गॅसवरही लाल होतो. धूर करायच्या डब्या आणि परदेशी लाकडाच्या ढलप्या यानंतर विकत घ्याव्याशा वाटणार नाहीत.

आपल्या घरांची एक अडचण कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. एकाच जेवणाला मांसाहारी भाऊ असतो आणि माळकरी काका असतात. एका मोठ्या जाळीच्या दोन बाजू वाटून दिल्या तरी काकांचा घास घशाखाली उतरत नाही, आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. म्हणून एका मोठ्यापेक्षा दोन लहान शेगड्या घ्या. सळ्या वेगळ्या, चिमटे वेगळे, मुठींना वेगळ्या रंगाचा दोरा. दोन शेगड्या असल्या की एकीवर कडक आच आणि दुसरीवर मंद ठेवता येते, हा आणखी एक फायदा.

उपकरणांत पैसे कुठे घालावेत? सर्वांत आधी लांब चिमटा. दीड फुटाचा, पकड घट्ट, हातात हलका. काट्याने टोचून उलटवलं की रस निखाऱ्यांवर सांडतो, म्हणून काटा नको. सळ्या स्टीलच्या आणि चपट्या. गोल सळीवर पनीर आणि मिरची जागच्या जागी फिरते, आपण सळी उलटवतो पण तुकडा तसाच राहतो. खिम्यासाठी आणखी रुंद सळी लागते. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा. कोकणातल्या आणि मासे खाणाऱ्या घरांनी मुठीची दुहेरी जाळी जरूर घ्यावी. बांगडा किंवा पापलेट तिच्यात दाबून धरलं की उलटवताना मोडत नाही. उघड्या जाळीवर बांगड्याची साल हमखास चिकटून राहते.

कोळसा पेटवायला चिमणी घ्या: तळाला जाळी असलेलं, मुठीचं पत्र्याचं नळकांडं. खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर कोळसा, एक काडी. वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखेची पांढुरकी साय येते आणि मग तो शेगडीत ओतायचा. ही एक वस्तू घरात आली की रॉकेल सुटतं. रॉकेलचा वास कबाबला लागतो, आणि पेटत्या कोळशावर कुठलाही ज्वालाग्राही द्रव ओतला तर ज्वाळा धारेवरून हातापर्यंत येते. वारा घालायला पुठ्ठा किंवा जुनं सूप पुरतं.

आणि थर्मामीटर. सुईसारखं टोक असलेला, काही सेकंदांत आकडा दाखवणारा डिजिटल थर्मामीटर हा मी चैनीत धरत नाही. कोंबडीच्या तंगडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता टोचायचा. ७४ अंश सेल्सिअस दिसले की ती शिजली. गच्चीवरच्या अंधुक उजेडात रंग बघून हे ठरवता येत नाही, आणि पाहुण्यांची पोटं बिघडतात ती याच अंदाजाने. नवा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. मुंबईत १०० अंश यायला हवेत. पुण्यात उंचीमुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तो थर्मामीटरचा दोष नव्हे.

तारेचा ब्रश मात्र घेऊ नका, पेटीसोबत फुकट आला तरी. त्याची एखादी तार तुटून जाळीला चिकटते, तिथून घासात आणि घासातून पोटात जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये अशा जखमांची नोंद प्रसिद्ध केली होती. गरम जाळी अर्ध्या चिरलेल्या कांद्याने घासा, सळीला टोचून. जाळी स्वच्छ होते आणि वासही छान येतो. चामड्याचे वेल्डिंगचे हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते पातळ सिलिकॉनच्या मोज्यांपेक्षा कितीतरी भरवशाचे. पेटीत मिळणाऱ्या अठरा-वीस नगांपैकी पंधरा तुम्ही कधीच हातात घेणार नाही.

कोळसा लाकडाचाच हवा. दगडी कोळशावर अन्न भाजू नये. बाभळीच्या लाकडाचा कोळसा लवकर पेटतो, कडक आच देतो आणि लवकर विझतो, म्हणून कबाबांना चांगला. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या पेटायला वेळ घेतात, पण सारखी आच बराच वेळ धरतात; झाकणाखाली कोंबडी भाजायला त्या घ्या. आमच्याकडे सहा-आठ माणसांना दीड-दोन किलो कोळसा पुरतो. तो घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात ओल धरलेला कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो.

पेटवताना शेजारी पाण्याची एक बादली आणि वाळूची एक असावी. राख वरून गार दिसली तरी आत निखारा तासन्‌तास जिवंत असतो, म्हणून ती दोन दिवस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून मगच कचऱ्यात टाका. समुद्रकिनाऱ्यावर निखारे वाळूत पुरू नका. वरची वाळू गार लागते आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी धावणारं पोर त्यावर पाय देतं. भरपूर पाणी ओतून विझवा आणि सोबत परत आणा.

येत्या रविवारी खरेदीला जाणार असाल तर खिशात मोजपट्टी ठेवा, आणि निघण्याआधी गच्चीच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी मोजून घ्या.